उजवीकडं ओढणारं विमान

"पंख वाकडा होता, एवढंच सांगा चाचा. होता की नाही?"

हेमंत तगारेंनी खोका कट्ट्यावर ठेवला आणि बसायच्या आधीच हे विचारलं. खोक्यात विमानाचे तुकडे होते. रिमोटवर उडणारं, तीन हात लांब पंखांचं, हलक्या लाकडाचं विमान. नाक चेपलेलं, शेपूट वेगळी, पोटाच्या काड्या मोडलेल्या. पंख तेवढे धड होते, पण बुडातून उखडून आले होते.

दस्तगीरचाचांनी खोक्यात बघितलंसुद्धा नाही. कप पुढं केला.

"आधी चहा घ्या, साहेब."

"चहा राहू द्या. मला उत्तर पाहिजे."

चाचांनी तो चहा स्वतःच प्यायला घेतला.

चाचा कोण ते सांगतो. पिराच्या माळावर चिंचेखाली एक खोली आहे, पुढं कट्टा आहे आणि त्यापुढं मैलभर मोकळं गवत. चाचांनी तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना अशी विमानं बनवायला आणि उडवायला शिकवलं. नोकरी सुटल्यावर इथं येऊन राहिले. फकीर समजून ताईत मागायला येतात त्यांना हात जोडून परत पाठवतात. मोडकं विमान घेऊन आलेल्याला मात्र बसवून घेतात.

मी रोज सकाळी तिथं जातो. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे, आणि आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. त्या महिन्यात मला काही म्हणजे काही कळलं नाही. जसं झालं तसं लिहितोय. अर्थ तुमचा तुम्ही लावा, मला विचारू नका.

तगारे साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं चार फुटांवरच्या माणसाशीही ते ओरडूनच बोलायचे. बरोबर त्यांची बायको होती, वृंदाताई. त्या लांब, चिंचेच्या मुळावर जाऊन बसल्या होत्या.

"विमान कुणाचं?" चाचांनी विचारलं.

"आमचं."

"बनवलं कुणी?"

"हिनं. अकरा महिने लागले. जेवायचं टेबल अडवून ठेवलं होतं. आम्ही ताटं घेऊन गॅलरीत."

"आणि उडवलं?"

तगारे जरा अडखळले.

"...मी. पहिलीच वेळ. म्हटलं, आधी मी बघतो. हिच्या हातून पडलं असतं."

मी हसू दाबलं, ते खोकल्यासारखं बाहेर आलं.

"वर झकास गेलं," तगारे म्हणाले. "मग उजवीकडं ओढायला लागलं. मी डावीकडं घेतोय, ते उजवीकडं. मी आणखी डावीकडं, ते आणखी... शेवटी दिला जोर. तर गेलं सरळ नाक खाली घालून. कारखान्यातली वीस माणसं बोलावली होती बघायला. वीस!"

"मग?"

"मग काय? पंख वाकडा, दुसरं काय असणार! मी हिला शांतपणे समजावलं. म्हटलं, बांधणीत चुका होतात, माणूस चुकतच शिकतो. तर ही त्या दिवसापासून बोलायचीच बंद. 'वाढलंय', 'गॅस संपलाय', झालं. आता तुम्ही जाणकार. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे तिला पटेल."

नाचता येईना अंगण वाकडं, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. चाचांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी ते गिळलं.

तेवढ्यात वृंदाताई उठल्या. पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवला. आत पाती होती, कानशी होत्या, बोटभर लांबीचा रंधा होता, टाचण्यांची उशी होती. सगळं पुसून, नीट लावून ठेवलेलं.

"हे ठेवा, चाचा. तुमच्याकडं शिकायला येईल त्याला द्या. मी आता बनवणार नाही."

"का, लेकी?"

"इंजिनिअर वाकडं म्हणतात... म्हणजे असेल वाकडं."

आवाजात राग नव्हता, हेच मला फार लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. अकरा महिने एका गोष्टीत जीव ओतायचा आणि मग तिचा डबा भरून लोकांना देऊन टाकायचा, हे बघवत नव्हतं.

चाचांनी डबा उघडला आणि तगारेंपुढं सरकवला.

"जोडा."

"कोण? मी?"

"ज्याच्या हातून पडलं त्यानं जोडायचं. इथली रीत आहे."

"अहो, मी उत्तर मागायला आलोय!"

"विमान जोडून होऊ दे."

पहिला रविवार नाक बसवण्यात गेला.

माणूस हुशार होता, खोटं कशाला बोला. पण हात कारखान्याचे. ते लाकूड पापडासारखं मोडायचं. मोडलं की तगारे त्यावर गम ओतायचे. गम वाळला की चाचा नखानं टोकरायचे आणि सगळं खरवडून काढायला लावायचे. तीन वेळा खरवडलं.

"चिकटत नाही हो!" तगारे वैतागले.

"बसत नाही म्हणून चिकटत नाही. आधी नुसतं बसवा."

"गम लावल्याशिवाय राहील कसं?"

"राहत नसेल तर अजून बसलेलं नाही."

तगारेंनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं. दुपारपर्यंत ते एक एक काडी घासत बसले. मधेच त्यांनी चुकीची कानस उचलली, तेव्हा चिंचेखालून आवाज आला.

"बारीक. ...ती नव्हे, बारीक."

त्या दिवसातलं वृंदाताईंचं तेवढंच बोलणं. तगारेंनी बारीक कानस घेतली.

दुसऱ्या रविवारी पंख बसवायचे होते. चाचा म्हणाले, "मास्तर, सपाट काच मिळेल का कुठं?"

मी घरच्या टेबलावरची काच काढून आणली. त्यापायी बायकोची किती बोलणी खाल्ली ते इथं लिहीत नाही.

चाचांनी डावा पंख काचेवर ठेवला. चपखल बसला. मग उजवा ठेवला. तीन कोपरे टेकले आणि चौथा, मागच्या कडेचा, अधांतरी राहिला. चाचांनी आगपेटीतली एक काडी त्याखाली सरकवली. अलगद गेली.

तगारे उडालेच. "बघितलंस? वृंदा, बघितलंस? काय सांगत होतो मी?"

मग चाचांकडं वळून, छाती काढून, "आता बोला. वाकडा आहे की नाही?"

"आहे," चाचा म्हणाले.

मी चाट पडलो. म्हणजे अंगण खरोखरच वाकडं निघालं की! मी इतके दिवस या माणसाला मनातल्या मनात हसत होतो, आणि खरं त्याचंच होतं.

वृंदाताईंनी मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला चाचांचा राग आला. काच मागवून, काडी घालून, सगळ्यांसमोर दाखवायची काय गरज होती?

"झालं तर मग," तगारे म्हणाले. स्वर एकदम मवाळ झाला. जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. "काही बिघडलं नाही, वृंदा. मी वाफेवर धरून सरळ करतो. कारखान्यात वाफेला तोटा नाही."

"नाही," चाचा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"जसा होता तसा बसवायचा."

"वाकडा?"

"वाकडा."

"आत्ताच तुम्ही कबूल केलंत ना, वाकडा आहे म्हणून?"

"केलं."

"अहो, मग तो परत उजवीकडं ओढेल!"

"ओढेल."

"...आणि परत पडेल!"

चाचांनी काच फडक्यानं पुसली, दोन्ही बाजूंनी, आणि माझ्या हातात दिली.

तगारेंनी पंख बसवले. तोंडानं पुटपुटत बसवले, पण सुरेख बसवले. आधी नुसते, मग गम लावून. संध्याकाळी दोघं गाडीत बसून गेले. जाताना वृंदाताईंनी डब्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी मात्र मागं राहिलो. मला राहवेना.

"चाचा, दोष आहे म्हणता आणि काढूही देत नाही. याला ना शेंडा ना बुडखा. हे कुठलं शास्त्र?"

"मास्तर, काच घरी द्या. वहिनी वाट बघत असतील."

ती रात्र मी तळमळत काढली. म्हातारा भ्रमिष्ट झालाय की मी, हे काही ठरेना.

तिसऱ्या रविवारी वृंदाताई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या. त्याच मुळावर जाऊन बसल्या.

पहाटेच बोलावलं होतं, कारण वारा नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं. चाचांनी दोन रिमोट आणले. दोन्हींच्या मधे एक लांब वायर. एक तगारेंच्या गळ्यात अडकवला, दुसरा स्वतः घेतला.

"विमान माझ्या रिमोटचं ऐकतं," चाचा म्हणाले. "माझ्याकडं हा खटका. मी तो दाबून धरला की तुझ्या रिमोटचं ऐकतं. सोडला की परत माझं. तुझा तोल गेला तर मी सोडीन."

साहेबावरून एकदम 'तू'वर आले, ते माझ्या लक्षात आलं. तगारेंच्या आलं नाही.

"म्हणजे तुम्ही मला सांभाळणार," तगारे म्हणाले. आज परत पडलं असतं तर पंख वाकडा होता एवढं सांगून भागलं नसतं, कारण आता निम्मं विमान त्यांच्या हातचं होतं. आणि वृंदाताई समोर बसल्या होत्या.

विमान फेकायचं काम माझं. मी पळत गेलो आणि पुढं झोकून दिलं. या वयात पळालो याचं कुणाला काही नाही. मोटर भिरभिरली, विमान गवतावरून घसरत घसरत वर चढलं आणि चाचांनी ते चिंचेच्या तिप्पट उंच नेलं. तिथं मोटर जरा मंद करून ठेवली.

"घे. उजवीकडं गोल फिरव. हळू. तिकडं जायचंच आहे त्याला, जोर लावू नको."

"आलं का माझ्याकडं?"

"गोल फिरव."

तगारेंनी श्वास रोखून अंगठा किंचित उजवीकडं केला. विमान उजवीकडं वळलं. आमच्या डोक्यावरून मोठा गोल घेऊन परत आलं. दुसरा गोल. तिसरा.

चौथ्या गोलाला तगारेंना कंठ फुटला.

"बघ, वृंदा! वाकडा पंख असून फिरतंय की नाही? हाताची बात असते ही. नुसतं बनवून भागत नाही, सांभाळता यावं लागतं. पुढच्या रविवारी कारखान्यात दाखवतो सगळ्यांना!"

वृंदाताई विमानाकडं बघत होत्या. नवऱ्याकडं नाही.

मी चाचांकडं वळलो.

चाचा कट्ट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. रिमोट बाजूला, दगडावर.

"चाचा! खटका!" मी ओरडलो. "खटका सोडलाय तुम्ही!"

"दाबलाच नव्हता, मास्तर."

"म्हणजे विमान तुमच्या रिमोटवर आहे?"

"हो."

"मग तुम्ही उडवताय?"

चाचांनी दोन्ही हात वर करून दाखवले. त्यांत टरफलं होती.

तगारेंचा हसरा चेहरा तसाच राहिला, हसू तेवढं गेलं. त्यांनी अंगठा डावीकडं ढकलला. विमान उजवीकडंच गेलं. पार कडेपर्यंत ढकलला. विमानानं आपला शांतपणे सहावा गोल घेतला.

"...मग उडवतंय कोण?"

वर मोटरचा बारीक आवाज येत होता.

मी त्या रिमोटकडं बघितलं, या रिमोटकडं बघितलं, वायर कुठं तुटली आहे का तेही बघितलं. पंचवीस वर्षं पोरांना सांगितलं की कारणाशिवाय काही घडत नाही. आणि इथं माझ्या डोक्यावर विमान फिरत होतं आणि त्याला धरलेला एकही हात मला दिसत नव्हता.

"कुणी नाही."

वृंदाताई उभ्या राहिल्या होत्या.

"कुणीच उडवत नाहीये, अहो. ते असंच फिरावं म्हणून उजव्या पंखाला काडीएवढा पीळ मी मुद्दाम दिलाय."

"मुद्दाम?"

"नवशिका घाबरतो आणि हात सोडतो. विमान सरळ असलं तर सरळच निघून जातं, दिसेनासं होतं. असा पीळ दिला की डोक्यावरच गोल फिरत राहतं. मी घाबरणार हे मला ठाऊक होतं ना. म्हणून." त्या थांबल्या. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "तुम्ही वाकडं म्हणालात तेव्हा मला वाटलं, मुद्दाम केलं तेच चुकलं. पुस्तकात मी किती वेळा वाचलं ते, मोजलं. तरी वाटलं, माझंच चुकलं असणार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

वीस माणसांसमोर डावीकडं जोर लावणारा तगारेंचा अंगठा अजून डाव्या कडेलाच टेकलेला होता. तो त्यांनी हळूच उचलला. मला त्या माणसाची दया आली. पहिल्यांदाच.

"पण काचेवर काडी गेली होती," ते चाचांना म्हणाले. आवाज पार खाली आला होता. "तुम्हीच म्हणालात, वाकडा आहे. म्हणजे वाकडा होता ना? की... नव्हता?"

मलाही हेच विचारायचं होतं. मी कान टवकारले.

चाचांनी शेंग तोंडात टाकली आणि वर बघितलं.

मोटरचा आवाज जरा घोगरा झाला होता.

"बॅटरी," चाचा म्हणाले. "दोन मिनिटं राहिली."

"दाबा खटका!" तगारे ताडकन म्हणाले. "मी उतरवतो." आणि म्हणता म्हणताच ते थबकले. आपल्याच हातांकडं बघत उभे राहिले.

"लेकी, ये," चाचा म्हणाले.

"मी?" वृंदाताई दोन पावलं मागं सरकल्या. "मी फक्त कॉम्प्युटरवरच्या खेळातलं विमान उतरवलंय. खरं विमान कधीच नाही."

"कॉम्प्युटरवर पडायचं?"

"रोज."

"मग ये."

त्या आल्या. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. तगारेंनी पट्टा गळ्यातून काढला, पण रिमोट काही बोटांतून सुटेना. त्या थांबल्या. ओढला नाही, मागितलाही नाही. वर मोटर आचके देत होती आणि मला वाटलं, गेलं आता सगळं.

मग तगारेंनी पट्टा स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घातला.

चाचांनी रिमोट मांडीवर घेतला आणि खटका दाबला. या वेळी तो दाबलेला मी डोळ्यांनी बघितला. विमानानं गोल मोडला आणि ते लांबून आमच्याकडं वळलं. वृंदाताईंची नजर विमानावरून हलत नव्हती, आणि विमान जरासुद्धा डगमगत नव्हतं.

तगारे मोकळे हात घेऊन मधेच उभे. खिशात घालावेत की मागं बांधावेत हे त्यांना कळत नव्हतं. बायकोकडं बघितलं, विमानाकडं बघितलं, शेवटी चाचांकडं.

"आणि मी, चाचा?... मी काय करू?"

"पळत जा आणि त्या गवतात उभा राहा. कुठं उतरायचं ते तिला दिसलं पाहिजे. ...आणि हलू नको."